तेल प्यालेली ट्यूब

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूब आहे. कशाची, असे मात्र कृपा करून विचारू नका. त्याचे सरळ उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. माझा जन्म ट्रॅक्टरच्या मागच्या चाकासाठी झाला, असे म्हणतात. पण माझे नाव झाले ते नदीवर. चाकाने नदीवर कशाला जावे, आणि गेले तर त्याला चाक म्हणावे की नाव, या विचारात माझे अर्धे आयुष्य गेले. उरलेल्या अर्ध्याची हकिकत त्याहून अवघड आहे. ती मी तुम्हांला क्रमाने सांगते. नीट बसून ऐका.

कारखान्यातली मला फक्त साच्याची आग आठवते. थंड झाल्यावर कोणीतरी माझ्यात पहिल्यांदा हवा भरली, मला पाण्याच्या टाक्यात दाबून धरले आणि एकही बुडबुडा आला नाही हे पाहून ‘पास’ असे म्हणून बाजूला ठेवले. मी कशात पास झाले, हे मला कळले नाही. मात्र त्या दिवसापासून माझी एक समजूत पक्की झाली की, पाणी ही परीक्षा देण्याची जागा आहे. तिथे कोणी राहत नसते.

पुढे मी भातकुलीजवळच्या एका गावी योगेशच्या ट्रॅक्टरवर आले. योगेशच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या फुलांची आणि भाजीची शेती. सात वर्षे मी टायरच्या आत, ठार अंधारात काढली. बाहेर काळी जमीन नांगरली जात होती, भाजी बाजारात जात होती, असे कानावर येई. मी स्वतः काहीच पाहिले नाही. माझ्या अंगावरून सगळा भार जाई आणि नाव टायरचे होई. चार वेळा मला बाभळीचा काटा लागला. चारही वेळा भातकुलीच्या रस्त्यावरच्या ओमप्रकाश पंक्चरवाल्याने मला बाहेर काढले, पाण्यात बुडवून भोक शोधले, कानशीने तेवढी जागा खरवडली, सोल्युशन लावून फुंकर मारली आणि वर ठिगळ ठोकून बसवले. ओमप्रकाशचा हात जड होता. काम मात्र चोख होते. “माह्या हातचा जोड ट्यूब फाटंन तवाच निंघन,” असे तो गिऱ्हाइकाला सांगे, आणि ते खरेही होते.

मग टायर झिजला. नवा टायर आला, त्याच्याबरोबर नवी ट्यूबही आली. मला वाटले, आपण संपलो. पण ओमप्रकाश योगेशला म्हणाला, “फेकू नोको बाप्पा हिले. बुढी मजबूत हाय. तुमचं वावर नदीपल्याड ना? नेऊन टाक पूर्णेवर.”

नदीपल्याडचे वावर म्हणजे काय, ते इथे सांगितले पाहिजे. आमच्या भागातल्या विहिरींचे पाणी खारे. त्यामुळे योगेशच्या घरचा झेंडू पूर्णेच्या पलीकडच्या काठावर, नदीच्या गोड पाण्यावर पिके. पावसाळा सरला की खालच्या बंधाऱ्याला लोखंडी फळ्या लागत, पाणी तुंबे, आणि दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत पात्र काठोकाठ भरलेले राही. पुलावरून फेरा घ्यावा तर अर्धी सकाळ त्यातच जाई. म्हणून दोन्ही काठांवरच्या दोन बाभळींना एक जाड दोर बांधला होता. त्या दोराला धरून, ट्यूबवर बसून, फुले अलीकडे आणायची, अशी त्या काठाची रीत होती.

योगेशने माझ्या पोटाच्या पोकळीवर खाटेसारखी नवार विणली. माझा हवा भरायचा वाकडा पितळी वॉल कोणाला खरचटू नये म्हणून त्याला चिंधी गुंडाळली. आणि मला पाण्यात लोटले. मी बुडबुड्यांची वाट पाहत राहिले. परीक्षा कधी संपते आणि बाहेर कधी काढतात, हेच मला समजेना. कोणी काढलेच नाही. उलट एक बाई पदर खोचून माझ्यावर येऊन बसली.

ती योगेशची बायको, मंजुषा. तिचे माहेर अकोल्याचे. तिच्या वडिलांचे तिथे सायकलचे दुकान होते. तिला पोहता येत नव्हते. हे ती कोणाला सांगत नसे, पण मला माहीत होते. पात्राच्या मध्यावर आले की तिचे गुडघे माझ्या कडेला घट्ट दाबले जात. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये फक्त मी होते, मित्रांनो. माझ्यात हवा आहे तोवर ती कोरडी.

म्हणूनच माझी तयारी ती स्वतःच्या हाताने करी. रोज सकाळी बोटावर थुंकी घेऊन वॉलच्या तोंडाला लावायची आणि फुगा येतो का पाहायचा. बोटांच्या पेरांनी मला ठोकून आवाज ऐकायचा. हवा भरायची ती अंगठा थोडा आत दबेल इतकीच. फार ताठ भरली तर दुपारच्या उन्हात हवा फुगते आणि शिवण उसवते. फेऱ्या संपल्या की मला तापलेल्या रेतीवर न टाकता कडुनिंबाच्या सावलीत उभे करायचे. संक्रांतीनंतर हवा सोडून, पुसून, अंगभर शंखजिऱ्याची, म्हणजे कॅरमवर टाकतात तसली, कोरडी पूड लावून पोत्यात घडी घालायची. अशी चार वर्षे गेली. काठावरच्या बाया म्हणत, “मंजुषाची ट्यूब नाई, म्हैस हाय म्हैस! बसली की हालतच नाई.” मी चाक होते तेव्हा माझी अशी स्तुती कोणी केली नव्हती.

आता मनकर्णाबाईंविषयी सांगते. मनकर्णाबाई म्हणजे योगेशची आई, त्या घराच्या कर्त्या. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. त्यांनी सांगितले की उन्हात वाळवण पडायचे, त्यांनी सांगितले की उचलले जायचे. त्यांच्या माहेरी मोटेची विहीर होती. लहानपणी दर दसऱ्याला त्या वडिलांबरोबर बसून मोटेच्या चामड्याला करडईचे तेल चोळत. गावातल्या बाकीच्यांच्या मोटा दोन-तीन वर्षांत तडकत. त्यांच्या वडिलांची मोट अकरा वर्षे चालली, असे त्या अभिमानाने सांगत. पुढे मोट गेली. सासरी बैल होते, तर पोळ्याच्या आदल्या दिवशी त्या लोणी-हळदीने बैलांचे खांदे शेकत. ट्रॅक्टर आला आणि बैलही गेले. निगा राखण्याची त्यांची सवय मात्र गेली नाही. ती कोणावर खर्च करावी, एवढाच प्रश्न उरला होता.

गेल्या दसऱ्याला त्यांची नजर माझ्यावर पडली.

ट्रॅक्टरला हार घातला होता. विळ्यांना, खुरप्यांना, पाण्याच्या मोटारीलाही हळदकुंकू लागले होते. मी नेहमीसारखी भिंतीला टेकून होते. मनकर्णाबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “लोखंडाले हार घालता, अन् जे माह्या सुनेले रोज पान्यातून आनते-नेते तिले कोरडं ठेवता? खुशी, तेलाची वाटी आन.”

खुशी म्हणजे त्यांची नात, सहावीतली. तिने वाटी आणली आणि हसू लागली. “आजी, ट्यूबले भी अभ्यंगस्नान?”

“दात नोको काढू. तुह्या आईचा जीव हिच्यावर हाय.”

मंजुषा चुलीपाशी होती. ती हात पुसत बाहेर आली. “आई, रबराले तेल चालते का पन? माहे बाबा तं दुकानात टायर-ट्यूबले तेलाचा हात लावू देत नोहते.”

मनकर्णाबाईंनी वर पाहिले देखील नाही. “चामड्याले चालते. लाकडाले चालते. मानसाले चालते. रबरानंच काय घोडं मारलं? दुकानातली अक्कल दुकानात ठेव वो बाई. हे घर हाय.”

मंजुषा पुन्हा चुलीपाशी गेली. 

आणि मग त्या हाताने मला तेल चोळले. मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. तसे सुख मला आयुष्यात मिळाले नव्हते. माझ्या अंगाला लागलेले सगळे हात आजवर काही ना काही शोधायला आलेले होते: भोक, काटा, गळती. हा हात काहीच शोधत नव्हता. ठिगळांच्या कडांवरून, शिवणीवरून तो असा फिरत होता की, जणू मी त्या घरची कोणी वडीलधारी आहे. ते तेल मी प्याले. सगळे प्याले. सकाळी माझे काळे अंग तुकतुकीत झाले होते. योगेशदेखील म्हणाला, “आई, बुढी तं जवान झाली!” मनकर्णाबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान आले, ते मी विसरणार नाही.

आठ दिवस बरे गेले. नवव्या सकाळी मंजुषाने मला ठोकले आणि तिचा हात थबकला. माझा आवाज बदलला होता. मी रात्रीतून मऊ पडले होते.

तिने वॉलला थुंकी लावली. फुगा नाही. मला टाक्यात बुडवले. जुन्या ठिगळाच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे वर येऊ लागले. ते ठिगळ पाच वर्षे घट्ट बसलेले होते. त्याला एकाएकी काय झाले? काटा लागला नव्हता. उन्हात कोणी टाकले नव्हते. मलाच माझा संशय येऊ लागला.

“ओमप्रकाशचा जोड कच्चा,” मनकर्णाबाईंनी निवाडा दिला. “योगेश, घेऊन जाय. पन थांब.”

परक्याच्या दारी आपल्या घरची वस्तू मळकट जाऊ नये, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यांनी स्वतः मला साबण लावून, नारळाच्या काथ्याने घासून, स्वच्छ धुतले. कोरड्या फडक्याने पुसले. मी ओमप्रकाशच्या दारी गेले ती न्हाऊन-माखून, आणि अंगावर तेलाचा थेंबही दिसत नव्हता.

ओमप्रकाशने ठिगळ चिमटीत धरले. ते आपसूक सुटून आले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले. “असं तं होत नाई,” तो पुटपुटला. त्याने पुन्हा खरवडले, पुन्हा सोल्युशन लावले, वर दगड ठेवून अर्धा तास वाट पाहिली. “सोलुशन धरूनच नाई राहिलं, योगेशभाऊ. रबर थकलं असंन. वय झालं आता हिचं.” शेवटी दुप्पट मोठे ठिगळ ठोकून त्याने मला कसेबसे हवा धरण्याजोगे केले.

थकले? मी? मला तर उलट अंग भरल्यासारखे वाटत होते. मी फुगीर झाले होते, जागोजागी लुसलुशीत झाले होते. हे वार्धक्य असते की तारुण्य, मला कळेना.

घरी गेल्यावर मनकर्णाबाई म्हणाल्या, “दवाखान्यातून आलं मानूस. त्याले खुराक लागते.” आणि पुन्हा वाटी आली.

आता खरा गोंधळ सुरू झाला. मनकर्णाबाई संध्याकाळी मला तेल लावत. मंजुषा पहाटे सगळे निजलेले असताना येई, कोरड्या फडक्याने मला पुन्हा पुन्हा पुसे आणि शंखजिऱ्याची पूड भुरभुरवे.  एक हात लावी, दुसरा काढी. एकाने मला सुख होई, दुसऱ्याने अंग कोरडे पडे. मी पहिल्या हाताला चांगले आणि दुसऱ्याला कठोर समजत होते. कधी वाटे, मंजुषाला माझा मत्सर तर वाटत नाही? सासूने सुनेच्या डोक्यावरून कधी असा हात फिरवलेला मी पाहिला नव्हता. असे मी मनात आणले, याची आज मला लाज वाटते.

दुसरे ठिगळ सुटले. मग तिसरे. दोनदा मी धुऊन-पुसून ओमप्रकाशकडे गेले, दोनदा तो डोके खाजवत बसला. तिसऱ्या वेळी मनकर्णाबाईंनी योगेशला उंबऱ्यातच अडवले. “आता त्याच्या दुकानाची पायरी चढाची नाई. भेसळीचं सामान वापरते तो.” योगेश म्हणाला, “आई, दुसरी ट्यूब पाहू का? दिवाळी तोंडावर हाय.” त्यावर त्या म्हणाल्या, “म्हातारी झाली म्हनून फेकाची? मंग मलेही ठेव नेऊन बंधाऱ्यावर.”  मग योगेशने घरीच सायकलच्या ठिगळांची पुडी आणून मला जोडले.

नरकचतुर्दशीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. अमरावतीच्या बाजारात पहाटे झेंडू पोचायचा, तर आदल्या दिवशी तोडणी आणि दिवस मावळायच्या आत सगळी फुले अलीकडे, असा त्या घरचा क्रम. मंजुषा सकाळपासून पलीकडे होती. चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीआधी तिने मला ठोकले, प्रत्येक फेरीआधी पंपाने थोडी हवा भरली. पाचव्या फेरीला सर्वांत मोठे गाठोडे होते. जुन्या लुगड्यात बांधलेले, मांडीवर घेतले तर समोरचे दिसणार नाही एवढे. ते घेऊन ती माझ्यावर बसली आणि दोर ओढू लागली. मनकर्णाबाई अलीकडच्या काठावर फुलांवर पाणी शिंपडत उभ्या होत्या. योगेश वर रस्त्यावर ट्रॉली भरत होता. खुशी खाली-वर करत होती.

पात्राच्या मध्यावर माझ्या पोटाखाली काहीतरी सुटले. आधी बारीक फुरफुर झाली. मग पाण्यातून बुडबुड्यांची रांग वर आली आणि मंजुषाच्या पायाशी फुटू लागली. मी कलले. जन्मापासून मी बुडबुड्यांची धास्ती घेतली होती. पण तेव्हा परीक्षा माझी असे. आज माझ्यावर एक माणूस बसले होते.

मंजुषाने बुडबुडे पाहिले.  तिने एक हात पाण्यात घालून ते ठिगळ तळव्याने दाबून धरले. दुसऱ्या हातात दोर. गाठोडे मांडीवरून घसरू लागले, तसे तिने ते हनुवटीने दाबले.

“मंजुषा!” काठावरून मनकर्णाबाईंचा आवाज आला. “फुलं टाक! दोर धर, दोनी हातानं!”

“आई, अर्धी तोडनी हाय यात!”

“टाक म्हन्तो ना मी! फुलं उद्या येतीन! दोर धर!”

तिने गाठोडे सोडले. लुगडे उलगडले आणि पाण्यावर झेंडू पसरला. तिने दोन्ही हातांनी दोर धरला. मी तिच्याखाली चपटी होत चालले होते. नवारीत तिचे पाय अडकले होते, आणि आता मी तिला वर धरते आहे की खाली ओढते आहे, हे मला खरोखर समजत नव्हते. पाणी तिच्या छातीपर्यंत आले.

तेव्हा मनकर्णाबाई पाण्यात उतरल्या. पदर खोचण्यापुरतीदेखील त्या थांबल्या नाहीत. दोराला काखेत घेऊन त्या एक-एक पाऊल चिखलात रोवत आल्या. गुडघा, कंबर, छाती. “इकडे पाय. माह्याकडे पाय. खाली नोको पाहू.” त्यांचा आवाज रागावल्यासारखा होता. मंजुषा दोर ओढत हाताच्या अंतरावर आली, तशी त्यांनी तिचे मनगट धरले आणि नवारीसकट, माझ्यासकट, ओढत काठावर आणले. खुशी रडत होती. योगेश धावत आला तेव्हा दोघी चिखलात बसून धापा टाकत होत्या आणि मनकर्णाबाईंनी सुनेचे मनगट सोडले नव्हते.

भीती ओसरली की काही माणसांना रडू येते. मनकर्णाबाईंना संताप आला.

“ट्रॉलीत टाक ती ट्यूब,” त्या म्हणाल्या. “आताच्या आता भातकुलीले चाल. त्या ओमप्रकाशले मी इचारतो. मंजुषा, लुगडं बदल अन् तूही चाल. त्याच्या तोंडावर सांग, काय झालं ते.”

“आई, जाऊ द्या ना आज.”

“चाल!”

त्या घाईत, मित्रांनो, मला धुवायचे राहिले.

ओमप्रकाशच्या दुकानासमोर सणाची गर्दी होती. मनकर्णाबाई ट्रॉलीतून उतरल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “ओमप्रकाश! माही सून आज बुडत होती. तुह्या जोडापायी. सांग आता, काय घालत होता त्या सोलुशनमंदी?”

ओमप्रकाशचा चेहरा उतरला. “कोनाले लागलं तं नाई ना, काकू?” असे आधी त्याने विचारले. मग तो मला घेऊन बसला. सुटलेल्या ठिगळाच्या जागेवर त्याने बोट फिरवले. बोट चिकटले. त्याने ते नाकाशी नेले. पुन्हा फिरवले, पुन्हा वास घेतला.

“तेल हाय हे,” तो हळू म्हणाला. “करडईचं. रबर तेल पेऊन फुगलं. आता देवाचं सोलुशन आनलं तरी धरनार नाई. कोनं लावलं?”

 मंजुषाने मान खाली घातली. योगेशने आईकडे पाहिले आणि घाईघाईने म्हणाला, “माह्या हातचं लागलं असंन बाप्पा. ट्रॅक्टरचं काम करता करता...”

“ट्रॅक्टरले करडईचं तेल घालतं का भाऊ?” गर्दीतून कोणीतरी म्हणाले आणि दोघे-तिघे हसले.

मनकर्णाबाई ताठ उभ्या होत्या. माझ्यावर त्यांची नजर होती. त्या नजरेत काय होते ते मला आजही सांगता येत नाही.

“योगेश, गप राय,” त्या म्हणाल्या. “मी लावलं. माह्या हातानं. दसऱ्याले, अन् मंग रोज सांजले.”  पुढचे शब्द त्यांना जड गेले, पण आवाज त्यांनी मुळीच खाली आणला नाही. हसणाऱ्यांनाही ऐकू जावे इतका मोठा ठेवला. “हिनं हटकलं होतं मले. पयल्याच दिवशी. मी आयकलं नाई. ओमप्रकाश, तुह्या कामात खोट नोहती. मी गावभर बोलली, ते माहं चुकलं.”

हसणारे दोघे-तिघे मागे सरकले.

ओमप्रकाश उठला, फडक्याने स्टूल पुसले आणि म्हणाला, “बसा काकू. ओल्या हाय तुमी अजून. चा सांगतो.”

त्या बसल्या. अर्धा चहा झाल्यावर त्यांनी विचारले, “मंग निगा राखाची कशी हिची? तेल नाई तं काय लावाचं?”

“मले काय इचारता?” ओमप्रकाश म्हणाला. “घरात सायकलवाल्याची पोरगी हाय तुमच्या.”

मनकर्णाबाईंनी कप खाली ठेवला आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “सांग.”

मंजुषा आधी योगेशकडे पाहू लागली. “त्याच्याकडे काय पाह्यतं? मले सांग.” तेव्हा ती सांगू लागली. प्रथम अडखळत, मग हळूहळू स्पष्ट. थुंकीची परीक्षा, अंगठ्याचा दाब, सावली, शंखजिरे, उंदरांपासून पोते वर टांगणे. मनकर्णाबाई मधे एकदाही बोलल्या नाहीत. फक्त शेवटी म्हणाल्या, “अंगठ्याचं पुन्हा सांग. किती दबला पाहिजे?” मंजुषाने शेजारच्या नव्या ट्यूबवर त्यांचा अंगठा ठेवून, आपला अंगठा त्यावर दाबून दाखवला. “एवढा, आई.”

त्या रात्री उरलेली फुले बाजारात गेली. आता पूर्णेवर नवी ट्यूब चालते. तिची हवा दोघी मिळून पाहतात, आणि कधी त्यावरून त्यांचे वाजतेही. “सासूले शिकवतं काय?” असा आवाज मला अंगणात ऐकू येतो, पण पाठोपाठ “बरं, दाखव,” असेही ऐकू येते.

मी कडुनिंबाखाली पडून असते. ठिगळ आता माझ्यावर धरत नाही, हवा राहत नाही. मला कोणी दोष देत नाही. तरी एक गोष्ट माझ्या मनात सुटत नाही. ज्या हाताने मला नासवले, तोच हात मला आजही सर्वांत प्रिय आहे. आणि ज्या हाताने मला वाचवू पाहिले, त्याला मी कठोर समजत होते. असे का व्हावे? तुम्ही शाळेत जाता; तुम्हांला कळले तर मला येऊन सांगा.

तोवर एवढे ऐका. मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंची निगा जरूर राखा. नदीवर जाण्याआधी आम्हांला ठोकून पाहा, उन्हात टाकू नका, आणि आमच्या अंगाला काही लावण्याआधी जाणत्याला विचारा. तो जाणता कदाचित तुमच्याच घरात चुलीपाशी हात पुसत उभा असेल. एकदा काही बोलून गप्प झाला असेल. त्याला पुन्हा बोलावून घ्या. समोर बसा आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत वाटी खाली ठेवा.